शोधाला सरकारी परवाना कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कंत्राटी कामगारांचा प्रश्न आहे, कांद्याच्या भावाचा आहे, पाण्याचा आहे. आणि हे गृहस्थ पेटंट कायद्यातले एक कलम घेऊन बसले आहेत. पेटंट हा वकिलांचा आणि कंपन्यांचा विषय, त्याच्याशी आपला संबंध काय, अशी आपल्या चळवळीत पुष्कळांची समजूत आहे. ती समजूत १९७० साली नव्हती. औषधांच्या किमती आणि पेटंट यांचे नाते त्या काळच्या संसदसदस्यांना चांगले ठाऊक होते. पुढे १९९० नंतरच्या डंकेल प्रस्तावाविरुद्धच्या आंदोलनातही आपण हा विषय गावोगाव नेला. परंतु त्या साऱ्या चर्चेत परक्यांची पेटंटे आपल्याकडे येतात त्यांचे काय करावे, एवढाच प्रश्न होता. आपल्याकडचा शोध बाहेर जातो तेव्हा काय होते, या दुसऱ्या बाजूकडे आपण फारसे पाहिले नाही. आज मला तिकडे लक्ष वेधायचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्याचे ३९ वे कलम असे आहे की, भारतात राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पेटंट नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून आपल्या शोधाच्या पेटंटासाठी परदेशात अर्ज करू नये, अथवा दुसऱ्याकरवी करवू नये. याला एक वाट ठेवली आहे. त्याच शोधाचा अर्ज आधी भारतात केला, त्यानंतर सहा आठवडे लोटले, आणि त्या अवधीत सरकारने तो शोध गुप्त ठेवण्याचा आदेश काढला नाही, तर परवानगीची गरज उरत नाही. ज्याला तेवढे थांबायचे नाही, किंवा भारतात अर्जच करायचा नाही, त्याने पंचवीस क्रमांकाचा नमुना भरून परवानगी मागावयाची. नियंत्रकाने सामान्यतः एकवीस दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. शोधाचा संबंध संरक्षणाशी किंवा अणुऊर्जेशी असला तर मात्र नियंत्रकाला स्वतःच्या अधिकारात परवानगी देता येत नाही. केंद्र सरकारची संमती यावी लागते, आणि एकवीस दिवसांची मोजणी ती संमती हाती पडल्यावर सुरू होते. संमती कधी यावी यासाठी कोणतीही मुदत घातलेली नाही.

हे कलम नागरिकत्व पाहत नाही, वास्तव्य पाहते. कोल्हापूरची एखादी मुलगी जर्मनीत राहून संशोधन करीत असेल तर तिला हे कलम लागू नाही. पुण्यात राहून संशोधन करणाऱ्या जर्मन माणसाला लागू आहे. ‘भारतात राहणारी व्यक्ती’ म्हणजे नेमकी कोण, याची व्याख्या मात्र पेटंट कायद्यात नाही. वकील मंडळी आयकर कायद्यातील १८२ दिवसांच्या हिशेबाचा आधार घेतात. ज्या कलमाच्या भंगासाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्या कलमातील मुख्य शब्दाचा अर्थ दुसऱ्या कायद्यातून उसना आणावा लागतो, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांना भूषणावह नाही.

होय, तुरुंग. ११८ व्या कलमाप्रमाणे परवानगीशिवाय परदेशात अर्ज केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय ४० व्या कलमाप्रमाणे भारतातील अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि पेटंट मिळाले असल्यास ते रद्द होऊ शकते.

आता हे कलम प्रत्यक्षात कोणावर कसे पडते ते पाहू. समजा, इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमाग कारागिराने धागा तुटताच माग थांबवणारी, आजवरच्या साधनांपेक्षा निराळी आणि स्वस्त अशी काही युक्ती काढली. त्याचा भाचा परदेशात नोकरीला आहे. तो म्हणतो, मामा, तुम्ही चित्र काढून पाठवा, मी इथे अर्ज करतो. मामा चित्र पाठवतो, भाचा अर्ज करतो. दोघांच्याही मनात कपट नाही. वर्षभराने मामा भारतात अर्ज करायला जातो, तेव्हा त्याला कळते की आपण गुन्हा करून बसलो आहोत आणि आपले भारतातले पेटंटही हातचे गेले आहे. धागा तुटल्यावर माग थांबण्यात देशाच्या संरक्षणाला धोका काय, असे तो विचारील. त्याला उत्तर असे मिळेल की, धोका आहे की नाही हे आम्ही ठरवायचे होते आणि तू आम्हाला विचारलेच नाहीस. उत्तर तर्कदृष्ट्या बरोबर आहे. पण अमेरिकेच्या कायद्यात, जिथे परवानगीवाचून बाहेर अर्ज करण्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड आहे, तिथेसुद्धा चुकीने असे घडले आणि शोध गुप्त ठेवण्याजोगा नसला, तर मागाहून परवाना देण्याची सोय आहे. आपल्या कायद्यात अशी मागाहून परवानगी देण्याची तरतूद नाही. भांडवलशाहीचे माहेरघर चुकलेल्याला जेवढी सवलत देते तेवढीही आपले ‘कल्याणकारी’ राज्य देत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीचे संशोधन केंद्र बंगळुरात किंवा पुण्यात आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली बंगळुरात आली, जनरल इलेक्ट्रिकने २०००मध्ये तिथे मोठे केंद्र उघडले, आणि नंतर तर रांगच लागली. तिथे काम करणारा अभियंता भारतात राहतो. म्हणून त्याच्या शोधाला ३९ वे कलम लागू आहे. पण नोकरीच्या करारातच त्याने आपले सर्व शोध मालकाच्या नावे लिहून दिलेले असतात. कंपनीचा विधी विभाग पंचविसावा नमुना भरतो, ठरलेली फी भरतो, परवानगी घेतो, आणि अर्ज थेट अमेरिकेत दाखल होतो. भारतात अर्ज करायचा की नाही ही कंपनीची मर्जी. क्वचित एखाद्या वेळी विसर पडलाच, तर ४० व्या कलमाची शिक्षा म्हणजे भारतातले पेटंट जाणे. ज्याला भारतातले पेटंट नकोच आहे त्याचे त्यात काय जाते? आपल्या कायद्याने परदेशातल्या पेटंटाला धक्का लागत नाही, कारण आपला कायदा तिथे चालत नाही.

म्हणजे जो अडकतो तो मामा, आणि जो सुटतो त्याच्याकडे विधी विभाग. हे कोणी जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. परवान्याचे कायदे बहुधा असेच वागतात. ज्याला कार्यालयाची पायरी ठाऊक आहे त्याच्यासाठी परवाना ही टपालाची बाब होते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो सापळा ठरतो.

हे कलम आले कुठून? याचे मूळ युद्धात आहे. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, शोध गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. युद्ध संपल्यावर तो संपला. दुसऱ्या युद्धाच्या वेळी पुन्हा आला. आणि १९५१ साली, म्हणजे शीतयुद्धात, तो कायमचा झाला. ब्रिटनमध्येही देशात राहणाऱ्याने बाहेर अर्ज करण्यापूर्वी परवानगी घेण्याचा दंडक होता, आणि सहा आठवड्यांची वाटही त्यांच्याच कायद्यात होती. आमच्या १९७० च्या कायद्याने त्या घरच्या पुष्कळ गोष्टी उचलल्या.

गुप्ततेच्या बाजूने बोलणारे लिओ झिलार्डचे उदाहरण देतात, आणि ते देण्याजोगे आहे. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेला हा हंगेरियन ज्यू शास्त्रज्ञ १९३३ साली लंडनमध्ये असताना अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला सुचली. १९३४ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये पेटंटाचा अर्ज केला. ही कल्पना नाझींच्या हाती पडली तर काय होईल, या भीतीने त्याने ते पेटंट १९३६ साली ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केले, कारण ते गुप्त ठेवण्याचा तोच एक मार्ग होता. युद्ध संपून चार वर्षे झाल्यावर, १९४९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जगात असे शोध असतात, आणि ते बाजारात उघड्यावर ठेवता येत नाहीत, हे समाजवाद्यांनीही मान्य केले पाहिजे. राष्ट्राच्या संरक्षणाची खिल्ली उडवण्यासाठी मी येथे उभा नाही.

पण हेही पाहा. झिलार्डने ती गुप्तता स्वतः मागितली होती. १९७८ साली अमेरिकेत जे घडले ते याच्या नेमके उलट होते. सिएटलमधील काही हौशी तंत्रज्ञांनी टेलिफोन आणि रेडिओवरील संभाषण तिसऱ्याला कळू नये अशी स्वस्त युक्ती काढली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी येथील एका प्राध्यापकाने सांकेतिक लेखनाचे उपकरण तयार केले. दोघांनाही गुप्ततेचे आदेश आले. आपल्याच शोधाबद्दल कोणाशी बोलायचे नाही, बोललात तर तुरुंग. विद्यापीठाने आणि वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर दोन्ही आदेश त्याच वर्षी मागे घेण्यात आले. या शोधांमुळे शत्रूला काही मिळणार होते की सामान्य माणसाला सरकारच्या कानापासून आडोसा मिळणार होता, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ज्यांनी आणीबाणीत टपाल उघडून वाचले जाताना पाहिले आहे त्यांना याचे स्पष्टीकरण नको. आदेश मागे घेतले गेले ते लोकांना कळले म्हणून. ज्यांचे कळले नाही अशा आदेशांची संख्या अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत सतत पाच हजारांवर राहिली आहे. आणि हा आकडा तिथल्या एका नागरी संघटनेने माहितीच्या कायद्याखाली मागून मागून बाहेर काढला आहे.

आपल्याकडे ही व्यवस्था ३५ ते ४२ या कलमांत आहे. एखादा शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे असे नियंत्रकाला वाटले, किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या वर्गात तो मोडला, तर त्याची माहिती प्रसिद्ध करण्यास किंवा कोणाला कळविण्यास मनाई करता येते. दर सहा महिन्यांनी सरकारने त्याचा फेरविचार करावयाचा. आदेश असेपर्यंत पेटंट मिळत नाही. या काळात शोधकाचे नुकसान झाले असे सरकारला वाटले, तर त्याला काही रक्कम देता येते; आणि या रकमेसाठी कायद्याने जो शब्द योजला आहे त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा होत नाही, ‘सांत्वनपर रक्कम’ असा होतो. जणू घरात कोणी वारले आहे! जमीन घेतली तर भरपाई हा हक्क, मग तो कितीही पायदळी तुडवला जात असो. बुद्धी घेतली तर सांत्वन. आणि ४१ वे कलम सांगते की, गुप्ततेविषयीचे हे आदेश अंतिम असून त्यांविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाचे दार कोणत्याही कायद्याला बंद करता येत नाही, हे खरे. परंतु ज्याला आपल्या शोधाविषयी कोणाला सांगण्याचीच मनाई आहे, त्याने वकिलाला काय सांगावयाचे?

अणुऊर्जेचे प्रकरण याहून कडक होते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने त्या क्षेत्रातील शोधांना पेटंटच नाकारले होते, आणि परदेशात अर्ज करण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. गंमत अशी की, त्या कायद्यात निदान एक माणुसकीची ओळ होती: परवानगी मागितल्यापासून तीन महिन्यांत सरकारने उत्तर दिले नाही तर अर्ज करण्याची मोकळीक. अणूच्या कायद्याला जी मुदत घालता आली ती पेटंट कायद्यातील संरक्षणविषयक संमतीला का घालता येऊ नये, हे मला समजलेले नाही.

या कलमाचा इतिहासही थोडा विनोदी आहे. १९७० साली ते आले. १९९८ च्या डिसेंबरात भारत पॅरिस करारात आणि पेटंट सहकार्य करारात सामील झाला, आणि १९९९ च्या दुरुस्तीने ३९ वे कलम वगळण्यात आले. जागतिकीकरणाचे वारे होते; शोध मुक्तपणे बाहेर जाऊ द्या असा सूर होता. पुढे २००२ च्या दुरुस्तीने तेच कलम परत आणले, आणि २००५ मध्ये पुन्हा लिहिले. काढताना आणि घालताना देशात याची चर्चा झाली नाही. औषधांच्या उत्पादन पेटंटांवर आम्ही सारे तुटून पडलो होतो, आणि ते योग्यच होते; पण त्याच कायद्याच्या पोटात हे कलम आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले, आणि आम्हाला पत्ता लागला नाही.

मी पॅरिस कराराचा उल्लेख केला तो कारणाने. आपल्यापैकी जे तरुण अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत जातात त्यांनी एवढी एक गोष्ट तिथे सांगावी. भारतात आधी अर्ज केला तर त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत करारातील इतर देशांत अर्ज करता येतो, आणि तिथे भारतातलीच तारीख धरली जाते. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज केला तरी चालतो. म्हणजे सहा आठवडे थांबल्याने काहीही बुडत नाही. बारा महिन्यांतले दीड महिने जातात. सामान्य शोधकाला परवानगीच्या फंदात पडण्याचे कारण नाही. त्याने आधी येथे अर्ज करावा आणि थांबावे. ज्या मामाची गोष्ट मी सांगितली त्याला हे कोणी सांगितले असते तर त्याचे काही गेले नसते. पण सहसंशोधन असले की गुंता वाढतो. तिघांनी मिळून शोध लावला, दोघे पुण्यात, एक कॅलिफोर्नियात. अमेरिका म्हणते, आमच्या भूमीवर झालेला शोध आधी आमच्याकडे आणा किंवा आमचा परवाना घ्या. भारत म्हणतो, आमचा घ्या. चीनही आपल्या भूमीवर पूर्ण झालेल्या शोधाची आधी सुरक्षातपासणी करतो. विद्येला सीमा नाहीत असे आपण सभांतून म्हणतो. तिच्या दाराशी मात्र प्रत्येक राष्ट्राचा पहारेकरी उभा आहे, आणि दोन पहारेकऱ्यांच्या दोन किल्ल्या जवळ असल्याशिवाय दार उघडत नाही.

मग हे कलमच काढून टाकावे काय? काही उदारमतवादी मित्र तसे म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि याचे कारण संरक्षणापेक्षा वेगळे आहे. देशात निर्माण झालेले ज्ञान बाहेर जाताना समाजाच्या प्रतिनिधीने, म्हणजे लोकनियुक्त सरकारने, त्याच्याकडे एकदा पाहावे, हे तत्त्व मला योग्य वाटते. त्या ज्ञानामागे सार्वजनिक पैशावर चाललेली विद्यापीठे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या करातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा आहेत. माझी तक्रार अशी आहे की, सरकार पाहते खरे, पण एकच गोष्ट पाहते: यात सैन्याच्या कामाचे काही आहे काय? नाही ना, मग जा. हा शोध कोणाच्या मालकीचा होणार, त्याचे उत्पादन येथे होणार की नाही, ज्या डोक्यातून तो निघाला त्याला काय मिळणार, उद्या हेच औषध वा यंत्र आम्हाला दामदुप्पट किमतीने विकत घ्यावे लागेल काय, यांपैकी एकही प्रश्न पंचविसाव्या नमुन्यात नाही.

असे प्रश्न विचारणे कायद्याला अशक्य आहे असे समजू नका. याच कायद्याखाली, याच नियंत्रकाने, ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून एक आदेश काढला. बायर कंपनीचे कर्करोगावरचे औषध, महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना देऊन ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा देण्यात आली. लोकांच्या गरजा भागतात काय, किंमत परवडते काय, शोध येथे प्रत्यक्ष वापरात आणला काय, हे तिन्ही प्रश्न तेव्हा विचारले गेले आणि त्यांची उत्तरे आदेशात लिहिली गेली. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात जी दृष्टी मांडली होती तिचे हे फळ होय. भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांच्या हातात आहेत आणि ती येथे उत्पादनासाठी वापरली जात नाहीत, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले होते. आत येणाऱ्या पेटंटाला आपण लोकहिताची कसोटी लावली. बाहेर जाणाऱ्याला लावली नाही.

येथे कोणी म्हणेल की, बाहेर अर्ज करणे हेच मुळी देशद्रोहाचे लक्षण असे तुम्ही सुचवीत आहात. मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या प्रक्रियांवर अमेरिकेत पेटंटे घेतली, आणि त्यामुळेच जनरल इलेक्ट्रिकसारखी बलाढ्य कंपनी तिच्या दारात करार करायला आली. ते डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत घडले. सार्वजनिक संस्थेचे ज्ञान सार्वजनिक संस्थेच्या मालकीत राहून बाहेर गेले, तर ते कमाई करून परत येते. आणि व्यक्तीचे म्हणाल, तर मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांची आठवण ठेवा. छपाईचे खिळे ओतणारे यंत्र तयार करणारे भिसे लंडनला गेले. त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. लागत होते भांडवल. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली आणि ब्रिटनमधील समाजवादी पुढारी हिंडमन यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हिंडमन हे मार्क्सचे भक्त. त्यांनी भिसे यांच्या यंत्रासाठी भांडवलदारांकडे खटपट केली आणि ती फसली. पुढे रतनजी टाटांनी पैसा दिला. भिसे अखेर न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ मध्ये तिथेच वारले. शोधकाला परवान्यापेक्षा पाठबळ अधिक लागते, हे शंभर वर्षांपूर्वी जेवढे खरे होते तेवढेच आजही आहे.

लोकहिताचा प्रश्न परवानगीत घालण्याचा एक प्रयोग आपल्या देशात झाला आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याचे पेटंट अमेरिकेत मिळाले, आणि आजीच्या डब्यातील ज्ञान परत मिळवण्यासाठी आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला लढावे लागले. १९९७ मध्ये ते रद्द झाले. यातून धडा घेऊन २००२ च्या जैवविविधता कायद्यात असे घातले गेले की, भारतातील जैविक साधनांवर आधारलेल्या शोधासाठी देशात किंवा परदेशात पेटंट मागावयाचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता हवी, आणि ती देताना लाभातील वाटा ठरवता यावा. प्रश्न योग्य होता. अंमलबजावणी किती जणांच्या ओंजळीत काही टाकू शकली, हा वेगळा विषय. २०२३ च्या दुरुस्तीने भारतीय अर्जदारांसाठी ही मान्यता नोंदणीवर आणली, आणि त्या कायद्यातील कैद काढून दंड ठेवला. त्याच वर्षी ‘जनविश्वास’ या गोड नावाच्या कायद्याने अनेक कायद्यांतील शिक्षा सौम्य केल्या. त्यांत पेटंट कायद्याचीही काही कलमे होती. ११८ व्या कलमाला मात्र त्याने हात लावला नाही. वनस्पतीचे ज्ञान बाहेर नेणाऱ्याची कैद गेली, आणि मागाच्या युक्तीचे चित्र भाच्याला पाठवणाऱ्याची राहिली. हा कोणता न्याय?

इतर देशांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनने २००४ च्या कायद्याने परवानगीची अट फक्त लष्करी तंत्र, राष्ट्रीय सुरक्षा व सार्वजनिक सुरक्षितता यांच्याशी संबंधित शोधांपुरती ठेवली. बाकीच्यांना मोकळे केले. जर्मनीत राजकीय गुपित ठरेल अशाच शोधाला बंधन आहे. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर गुप्त पेटंटे बंद केली होती. २०२२ च्या आर्थिक सुरक्षा कायद्याने ती पद्धत पुन्हा आणली आणि १ मे २०२४ पासून अमलात आणली, पण तंत्रज्ञानाची पंचवीस क्षेत्रे आधी जाहीर करून. ज्यांच्याकडून आपण सहा आठवड्यांची वाट उसनी घेतली त्यांनी ती बहुतेकांसाठी मोडीत काढली. आपण अजून तिच्यावरच चालतो आहोत.

माझे म्हणणे असे आहे. ज्या क्षेत्रांत गुप्तता खरोखर हवी ती जाहीर करावीत, आणि तुरुंगाची शिक्षा असलीच तर त्यांच्यापुरती असावी. इतर बाबतीत चुकलेल्याला मागाहून परवानगी मिळण्याची सोय हवी. केंद्राच्या संमतीला तीन महिन्यांची मुदत हवी. गुप्ततेच्या आदेशाने बसणाऱ्या नुकसानीची भरपाई हा हक्क असला पाहिजे, आणि ४१ व्या कलमाच्या जागी, बंद दाराआड का होईना, न्यायिक तपासणी आली पाहिजे. याच्या जोडीला, मोठ्या कंपन्या जेव्हा भारतात झालेला शोध थेट बाहेर नेतात तेव्हा शोध कोणी लावला, त्याला काय मोबदला मिळाला, आणि भारतात अर्ज का केला नाही, ही माहिती नमुन्यात भरून घ्यावी आणि पेटंट प्रसिद्ध झाल्यावर तीही प्रसिद्ध करावी. ही परवानगी नाकारण्याची मागणी नव्हे. हिशेब मागण्याची आहे. संगणक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटना आता उभ्या राहत आहेत. शोध लिहून देण्याच्या त्या करारातील कलमाविषयी त्यांच्याशी बोलणे हे आपले काम आहे, कारण तो अभियंता स्वतःला कामगार समजत नाही आणि आपणही त्याला कामगार समजायला वेळ लावतो.

२०२२-२३ मध्ये भारतात दाखल झालेल्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक भारतात राहणाऱ्यांचे होते. अय्यंगार यांच्या काळी हे स्वप्नातही नव्हते. त्यांतील किती जण सहा आठवड्यांची अट जाणून होते, याविषयी मला शंका आहे. जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत, तंत्रनिकेतनात, कारागिरांच्या संस्थांत ही साधी माहिती मराठीत छापून वाटणे हे एका रविवारचे काम आहे.

पेटंट कायद्याच्या १५५ व्या कलमाप्रमाणे या कार्यालयाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. गुप्ततेचे किती आदेश जारी आहेत, त्यांतील किती पाच वर्षांहून जुने, सांत्वनपर रक्कम किती जणांना मिळाली, परदेशात अर्ज करण्याची परवानगी किती कंपन्यांना आणि किती व्यक्तींना मिळाली, एवढे चार आकडे त्यात दरवर्षी, शोधाचे नाव न सांगता, छापावेत, अशी दुरुस्ती सुचवणारा खर्डा मी सोबत आणला आहे. कैद कोणत्या क्षेत्रांपुरती ठेवावी, की मुळीच ठेवू नये, याविषयी येथे बसलेल्यांत मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. ते आधी ऐकू, आणि मग खर्डा वाचायला घेऊ.